फाट्यावरची लिंबं

मार्गशीर्षातली अमावास्या होऊन गेल्याची दुसरी सकाळ, वार मंगळवार. रस्त्यावर पडलेला माल असा: नारळ एक, तीस रुपयांचा, लिंबं तीन, टाचण्या टोचलेली, मूठभर भात, हळदकुंकू, मातीची पणती. सगळं धरून पन्नासच्या आत. हजर माणसं तीन. मी, फाट्यावर चहाचं आणि पंक्चरचं दुकान चालवणारे गफूरचाचा, आणि त्यांच्या बाकावर चहा पीत बसलेला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर. त्यानं कोपऱ्यावरचा तो उतारा पाहिला, चहा अर्धा ठेवला, उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन निघाला आणि उताऱ्याला चांगला वळसा घालून बैलगाडीच्या चालीनं वळला. एरवी त्याच कोपऱ्यावरून तो गाणी लावून सुसाट जायचा.

"देखो काटेवाले," गफूरचाचा मला म्हणाले, "जो काम अपने ब्रेकर से नै हुआ, वो तीन नींबू ने किया."

मला ते काटेवाले म्हणतात, कारण मी जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, मग रिकामी. मधल्या फरकावर शेतकऱ्याचं वर्ष असतं. या कामात माणूस संशयी होतोच. कापूस ओला करून आणणारे पाहिले, पोत्यात विटा घालणारे पाहिले, भरलेली गाडी तोलताना ट्रॉलीत झोपलेले आणि रिकामी तोलताना नेमके पाणी प्यायला उतरलेले तर रोजचे. नजर, करणी, उतारा असल्या गोष्टी मी मानत नाही. ज्याला वजन नाही ते माझ्या लेखी नाही. तरी त्या सकाळी घरी परतताना माझ्या मोटारसायकलचं हँडल त्या लिंबांपाशी वळलं. मी वळवलं नव्हतं, ते वळलं.

हे आज आठवायचं कारण एवढंच की साखर कारखान्याची मोळी पडली, गाळप सुरू झालं, आणि रस्त्यावर पुन्हा ऊस आलाय. पहाटे अंथरुणातच कळतं. ट्रॉलीच्या पिनेचा खडखडाट, त्याच्यावर कुठलं तरी लग्नातलं गाणं, आणि गाणं दूर गेल्यावरही बराच वेळ जमिनीत राहिलेली थरथर. धुक्यात आंबूस गोड वास. रस्त्यावर पडलेली कांडी चिरडून पांढरी झालेली असतात, त्यांना मुंग्या लागलेल्या असतात. फाट्यावर ऊसतोड टोळीतल्या बाया वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या विकायला बसतात, पदराखाली हात घेऊन. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. या दिवसांत गफूरचाचा पंक्चर काढायच्या पाण्यात हात घालायच्या आधी बिस्मिल्ला म्हणतात. हा हंगाम मला आवडत नाही असं नाही. माझा त्याच्यावर भरवसा नाही.

आमचा फाटा म्हणजे परभणीहून झरीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमच्या गावचा रस्ता येऊन मिळतो ती जागा. गावाकडून आलं की उजव्या हाताला झरी, शाळा तिकडं. डाव्या हाताला कारखान्याची वाट. पूर्वी इथला कोपरा काटकोनात होता, गाडी जवळजवळ थांबल्याशिवाय वळत नसे. सिमेंटचा रस्ता आला तेव्हा वळण ऐसपैस झालं, गोल, ताटाच्या कडेसारखं. तेव्हापासून उसाच्या गाड्या गिअरसुद्धा न बदलता डावीकडं जायला लागल्या. आम्ही मुरमाचा ब्रेकर घातला होता, तो त्यांच्या चाकांखाली कधीच दबून गेला.

दोन ट्रॉल्यांच्या वळण्यात एक गोम आहे. ती मी काट्यावर गाड्या चढताना बघून शिकलो. ट्रॅक्टर वळला की पहिली ट्रॉली त्याच्या चाकोरीच्या आतून जाते, आणि दुसरी पहिलीच्याही आतून. ट्रॅक्टरचं चाक आपल्याला हातभर सोडून गेलं की वाटतं, सुटलो. मग मागच्या ट्रॉलीचं चाक येतं, ते मात्र आपण उभे असतो तिथूनच जातं. झरीला जाणाऱ्या आमच्या गावच्या चार मुली, सायकली धरून, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत नेमक्या त्या आतल्या बाजूला उभ्या राहायच्या. त्यातली एक माझी शीतल. दहावीला होती. जादा तास सकाळी लवकर भरायचे, आणि उसाच्या गाड्यांची पहिली रांग त्याच वेळी निघायची.

अमावास्येच्या चार-पाच दिवस आधी शीतलच्या मैत्रिणीची, प्रतीक्षाची सायकल गेली. पोरगी उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली, सायकलचं मागचं चाक दुसऱ्या ट्रॉलीखाली गेलं. ड्रायव्हरला कळलंही नाही. गाणं तसंच पुढं गेलं. ते चाक गफूरचाचांनी दुकानाच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं, चपटं, पापडासारखं. मी ते बघितलं तेव्हा आधी आरे मोजायला लागलो. का, ते सांगता येत नाही. दुसरं काही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी आमचे थोरले बंधू, अण्णा, ओसरीवर येऊन बसले. फाट्याच्या कोपऱ्याला लागून त्यांचं रान आहे, त्यामुळे फाट्यावरचं सगळं त्यांच्या मालकीचं असल्यासारखं ते बोलतात.

"उद्यापासून सायकल बंद," ते म्हणाले. "जीपमधी जाईल, न्हाईतर घरी बसंल. पोरीची जात हाय, हातपाय मोडून बसली तर कोण करून घेणार?"

"जीप भरल्याशिवाय हालत न्हाई मोठेबाबा," शीतल आतून म्हणाली. "तवर जादा तास सुटतोय."

"मग सुटू दे."

मी अण्णांना एवढंच म्हणालो, की संक्रांतीपर्यंत बघू. तोवर फाट्यावर आणखी काही झालं तर सायकल माळ्यावर. शीतलनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं की मी बोललेला आकडा बदलत नाही.

अमावास्येचा तो उतारा कुणी ठेवला हे मला आजही माहीत नाही. प्रतीक्षाच्या घरच्यांनी ठेवला असावा, पण ते नाही म्हणतात. तो एक वेळ समजू शकतो. अमावास्या होती, पोरगी मरणाच्या दारातून आली होती. पण मग गुरुवारी पुन्हा तीन लिंबं. शनिवारी पुन्हा. उताऱ्याला वार असतो, तिथी असते. तिथीबाहेरचा उतारा म्हणजे बिल्टीशिवाय, कागदाशिवाय आलेला माल. मी उभा राहून बघितलं. नारळ नाही. पणती नाही. कुंकू नव्हतंच, रांगोळीतला लाल रंग होता. लिंबांना टाचण्या नव्हत्या. जागा मात्र दर वेळी तीच, कोपऱ्याच्या आतल्या अंगाला, एकापुढं एक, वाकत गेलेली रांग.

गावात दुसरा विषय राहिला नाही. कुणी म्हणालं टोळीवाल्यांची करणी आहे, त्यांच्या पाचटाच्या कोप्या फाट्याजवळच आहेत. गफूरचाचा म्हणाले, "उनके पास नींबू निचोड़ने कू दाल नै, रस्ते पे क्या फेंकते?" बायका एकमेकींकडं बघून बोलायच्या थांबल्या. अण्णांचं ठरलेलं होतं.

"माज्याच रानाच्या बांधाला लिंबू कामून? माजं कापसाचं पीक बघवंना झालंय कुणाला तरी."

मी सगळ्यांवर संशय घेतला. त्यात घरचे सुटले नाहीत. आमच्या न्हाणीच्या पाण्यावर लिंबाचं एक झाड आहे. त्याच्या खालच्या फांद्या रिकाम्या दिसायला लागल्या.

"लिंबं कमी झालीत," मी बायकोला, सुनंदाला म्हणालो.

"झाडाची बी वजनं करायलाव का आता?"

"फाट्यावर कोण टाकायलंय?"

"मला कामून इचारायलाव? तुमच्या वैनीला इचारा. दोन दिसापूर्वी लोणच्याला म्हून ओटीभर नेलीत."

वहिनींना विचारायची माझी छाती झाली नाही. पण संशय तिकडंही जाऊन आला. संशयाचं असं असतं की तो रिकाम्या हातानं परत येत नाही. जाताना एक घेऊन जातो, येताना दोन घेऊन येतो. त्या आठवड्यात मी जेवताना वरणावर पिळलेल्या लिंबाकडंसुद्धा बघत राहायचो.

एक गोष्ट मात्र मी काट्यावरच्या सवयीनं टिपली होती. कोपऱ्यावर मुरूम आणि धूळ साचलेली असते, त्यात चाकोऱ्या उमटतात. ज्या दिवशी लिंबं नसत त्या दिवशी मागच्या ट्रॉलीची चाकोरी पार अण्णांच्या बांधाला घासून गेलेली असे. ज्या दिवशी असत त्या दिवशी ती तीन-चार हात बाहेर सरकलेली, आणि चाकांचे ठसे ठसठशीत, म्हणजे गाडी हळू. बाहेरून वळायचं तर हळूच वळावं लागतं. ज्यानं कुणी लिंबं ठेवली त्याला तेवढ्या जागेवर गाडी नको होती. करणीच करायची असती तर लिंबं रस्त्याच्या मध्ये ठेवली असती.

मग एका सकाळी मी हवा भरायच्या निमित्तानं गफूरचाचांच्या दुकानात आत जाऊन बसलो. धुकं इतकं की समोरचा बोर्ड दिसत नव्हता. आधी सायकलच्या साखळ्यांचा आवाज आला, मग स्वेटर, मग चेहरे. चौघी. प्रतीक्षा आपल्या भावाची सायकल घेऊन आली होती, सीट वर असल्यामुळे पंजावर उभी राहत होती. शीतलनं दप्तर पुढं घेतलं, डबा उघडला, आणि भाकरीच्या वरून तीन लिंबं काढली. एकीनं कागदाच्या पुडीतून रंग टाकला. दोघी रस्त्याकडं बघत होत्या. सगळं इतकं झटपट आणि बोलल्याशिवाय झालं की मला कळलं, हे खूप वेळा झालेलं आहे.

"चाचा, तुमाला म्हाईत होतं?" मी विचारलं.

"मैं हवा भरता, काटेवाले. चुगली नै भरता."

घरी संध्याकाळी मी शीतलला चुलीपाशी गाठलं. ती कणीक मळत होती. मी विचारलं, कुणी शिकवलं.

"कुणी न्हाई. अमावास्येच्या दुसऱ्या सकाळी आमी पाह्यलं की बाबा. एवढाले ट्रॅक्टर, पण त्या लिंबाला भेत होते. आमाला कुणी भेत न्हाई. आमी दिसतच न्हाई त्यायला. लिंबू दिसतंय."

"टाचण्या कामून लावल्या न्हाईत?"

"आमच्याच टायरात घुसतील की."

मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. मी जे ऐकलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत खोटं वजन होतं. ट्रॉलीत विटा घालणाऱ्याला मी गेटाबाहेर काढतो. इथं माझी पोरगी लोकांच्या भीतीत लिंबं घालून आपला जीव तोलून घेत होती. आणि माप बरोबर येत होतं. दुसरी भीती याहून मोठी होती. गावाला कळलं असतं तर चौघींच्या सायकलींचा निकाल एकाच संध्याकाळी लागला असता. दहावीच्या पोरी तिठ्यावर उतारे टाकतात म्हटल्यावर शाळेचं नाव कुणी काढू दिलं नसतं. मी कुणाला बोललो नाही. सुनंदालाही नाही. पण लिंबांवर किती दिवस काढणार? भीती बसते तशी मोडते. एखादा ड्रायव्हर असा निघणारच, की जो लिंबावरून गाडी घालून मित्रांना दाखवील.

मी रस्त्याच्या खात्यात गेलो. तिथल्या तरुण अभियंत्यानं ऐकून घेतलं आणि दोन दिवसांत मोटारसायकलवर फाट्यावर हजर झाला. सरकारी माणूस पहिल्या सांगण्याला आला की मला आधी भीती वाटते. तो का आला, त्याचा काय फायदा होता, हे मला अजून उलगडलेलं नाही. अण्णा बांधावर उभे होतेच.

"वळण रुंद केलं की वेग आला," तो म्हणाला. "हा कोपरा आवळायला पाहिजे. पण काका, हे मोठं करा म्हणून तुमच्याच गावचे लोक आमच्या दारात बसले होते."

मला वाटलं, हा आपलं अंगावरचं झटकतोय. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा रानाकडं बघत होते.

"ट्रॉली पलटली व्हती माज्या कापसात," ते म्हणाले. "मीच म्हनलो व्हतो, मोठं करा म्हून."

अभियंत्यानं फक्कीची पिशवी उघडली आणि पांढरी रेघ ओढत निघाला. कोपऱ्यात एक केळीच्या पानासारखा आकार काढला, त्याच्या आत गाडीनं यायचं नाही. पोरींची लिंबं जिथं असत तिथून तो जात होता, पण पुढं मोठ्या रस्त्याच्या कडेपर्यंत आला होता. मी म्हणालो, एवढं पुढं कशाला, मुली तर इथं मागं उभ्या राहतात.

"तिथंच चुकतं. ट्रॅक्टरच्या बाजूला उभं राहिलं की ड्रायव्हरला दिसत नाही. इथं, पुढं, त्याच्या नाकासमोर उभं राहायचं. तो वळायच्या आधीच मुली त्याच्या डोळ्यात आल्या पाहिजेत. मग सरळ पलीकडं जायचं, आणि तिकडं गेल्यावर झरीकडं तोंड करायचं. तिरकं जायचं नाही."

पक्कं काम मंजुरी आल्यावर, तो म्हणाला. तोवर काहीतरी कच्चं करा, पण रेघ सोडू नका. मंजुरीवर माझा विश्वास नव्हता, म्हणून कच्चंच नीट करायचं ठरवलं. गफूरचाचांनी जुने टायर दिले. ते अर्धे जमिनीत पुरले, रेघेवर, एकाला एक लावून, आणि चुन्यानं पांढरे केले. खड्डे खणायला अण्णा स्वतः पहार घेऊन आले. सायकलीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. मीही शीतलला बजावलं, आता लिंबं बंद.

पहिल्याच आठवड्यात दोन टायर लोळवले गेले. पांढऱ्या टायराला कुणी भेत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. मी पुन्हा पुरले, पुन्हा एक आडवा. संक्रांत जवळ आली होती. शीतल रोज घरी आली की मी आधी सायकलचं मागचं चाक बघायचो.

आणि एका सकाळी सगळ्यांत पुढच्या टायरावर हळदकुंकू दिसलं. खरं कुंकू, रंग नव्हे. वर झेंडूचं फूल, पुढं विझलेली उदबत्ती. मी तडक घरी आलो आणि शीतलला म्हणालो, मी सांगितलं होतं ना, आता हे बंद.

"आमी न्हाई बाबा. शपथ."

"मी केलंय," सुनंदा म्हणाली. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "रानात जाताना. कामून, काय झालं?"

"लोकांना भ्या दाखवायला?"

"भ्या कशाचं? माजी लेक रोज तिथं उभी राहायलीय. तिला राखणारी जागा हाय ती. पुजू नको तर काय करू?"

लेकीनं ठेवलेलं लिंबू खोटं होतं, हे मला सांगता येत होतं. आईनं लावलेलं कुंकू खोटं होतं, हे कुठल्या काट्यावर ठरवायचं? मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. टायराचा देव झाला तर उद्या त्याला शेड येईल, शेडला नाव येईल, नावाची कमान येईल, आणि कमान उभी करायला कोपरा पुन्हा मोठा करतील. माझ्या डोक्यात हे सगळं तिथल्या तिथं येऊन गेलं. पण त्या दिवसापासून एकही टायर हलला नाही. भरलेल्या गाड्या पार पलीकडून, पाय ब्रेकवर ठेवून वळायला लागल्या. चौघी पुढं उभ्या राहायला लागल्या, ड्रायव्हरच्या नाकासमोर. एकदा मी बघितलं, एका ड्रायव्हरनं गाणं बारीक केलं आणि हातानं खूण केली, जा.

संक्रांतीला अण्णा तिळगूळ घेऊन आले. शीतलच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ब्रेक बघून घे गं गाडीचे. उतार हाय तिथं." सायकल माळ्यावर गेली नाही.

शीतल आता परभणीला कॉलेजात आहे, सायकल सोबत नेलीय. मागं तिला भेटायला गेलो तेव्हा एका चौकात ती सिग्नलला उभी दिसली. रिक्षा, मोटारसायकली सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी, मान वळवून एकेका ड्रायव्हरच्या डोळ्यात बघत होती. त्याला आपण दिसलो याची खात्री झाल्याशिवाय तिनं नजर काढली नाही. मला बरं वाटलं. तिच्या सावधपणात मला माझा संशय दिसला, फक्त तिनं तो कामाला लावला होता.

त्या वर्षीचं शेवटचं काय ते सांगायचं राहिलं. कुंकू लागल्यावर येणारेजाणारे ड्रायव्हर टायराच्या पोकळीत नाणी टाकायला लागले होते. ती कोण नेईल म्हणून मी बरेच दिवस डोळा ठेवून होतो. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात सुनंदानं ती पदरात भरली आणि गफूरचाचांच्या दुकानात नेऊन ओतली. चार सायकलींना ब्रेकचे नवे रबर बसवले. एका सायकलीचे चाळीस, एकूण एकशे साठ. नाणी भरली एकशे सेहेचाळीस रुपयांची. ते ऊसवाल्या ड्रायव्हरांनी दिले. चौदा कमी पडत होते. चाचा म्हणाले, राहू द्या. मी ते राहू दिले नाहीत. खिशातून काढून त्यांच्या हातावर मोजून ठेवले.